केजन अ‍ॅकॉर्डियन : कानानें राखलेली विद्या

ज्या घरांत पेटी आहे, त्या घरांतील लहान मुलासही एक गोष्ट लवकरच कळून येते. एखादी पट्टी दाबून धरली कीं भाता कसाही हालवा, तिच्यांतून एकच स्वर निघतो. म्हणूनच पट्ट्यांवर अक्षरें लिहून कित्येकांना सा रे ग म चे पहिले धडे गिरवितां आले. परंतु ह्याच पेटीचें एक दूरचें भावंड अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझियाना प्रांतांत, दलदलीच्या आणि भातशेतीच्या मुलखांत वाजविलें जातें. आणि तेथें ही सोय नाहीं. त्या वाद्याचें एकच बटण भाता दाबतांना एक स्वर देतें आणि ओढतांना दुसरा देतें. त्यास केजन अ‍ॅकॉर्डियन म्हणतात.

हें वाद्य वाजविणाऱ्या जुन्या पिढ्यांनीं तें पुस्तकावरून शिकून घेतलें नाहीं. बापाचें ऐकावें, शेजाऱ्याचें ऐकावें, पुढें ग्रामोफोनच्या तबकडीवरचें ऐकावें; ऐकलेलें मनांत घोळवावें आणि मग बोटांनीं तें शोधीत बसावें, हीच त्यांची शाळा होती. ह्या शाळेला इमारत नव्हती, शिक्षक नव्हता, परीक्षाहि नव्हती. परंतु ज्या वेळीं खऱ्या शाळेंत ह्या लोकांची भाषाच शिक्षेस पात्र ठरली, त्या वेळीं त्यांचीं गाणीं ह्या कानाच्या शाळेनेंच राखलीं.

वाद्य दिसावयास अगदी साधें आहे. लांकडाची एक लहान चौकोनी पेटी, मधोमध भाता, उजव्या हाताखालीं एका ओळींत दहा बटणें, डाव्या हाताखालीं साथीचीं दोन, आणि वरच्या अंगाला चार खुंट्या, इतकाच त्याचा संसार. आंत धातूच्या लवचिक जिभा बसविलेल्या असतात. त्यांवरून वारा गेला कीं त्या थरथरतात आणि स्वर उमटतो. हें तत्त्व आपल्या पेटींतलेंच होय. चार खुंट्यांनीं जिभांचे चार संच उघडतां किंवा बंद करतां येतात : एक खालच्या सप्तकाचा, दोन मधल्या सप्तकाचे आणि एक वरच्या सप्तकाचा. चारहि संच उघडे ठेवले म्हणजे ह्या लहानशा पेटींतून एवढा आवाज निघतो कीं, पावलांच्या दणदणाटानें भरलेली नाचाची खोली ती एकटी व्यापून टाकते.

अडचण आहे ती स्वरांच्या मांडणींत. तिसरें बटण दाबतांना सा देतें व ओढतांना रे. चौथें त्याचप्रमाणें ग आणि म देतें, आणि पांचवें प आणि ध. शिकणाऱ्याला वाटतें कीं, नियम सांपडला; परंतु पुढच्याच बटणावर तो नियम उलटतो. सहाव्या बटणावर नी ओढून घ्यावा लागतो आणि वरचा सा दाबून. तेथून वरच्या सप्तकांत हाच उलटा क्रम चालू राहतो. रे ओढून, ग दाबून, म ओढून, प दाबून. म्हणजे जी चाल मधल्या सप्तकांत हातांत बसली, तीच वर नेतांना भात्याची सारी सवय मोडावी लागते. डाव्या हाताची साथहि अशीच बांधलेली. दाबतांना ती षड्जाची असते व ओढतांना पंचमाची. मध्यमाची साथ तेथें मुळींच नाहीं. कोमल स्वरांना तर ह्या दहा बटणांत जागाच ठेवलेली नाहीं. आणखी असें कीं, चालींतले बरेच स्वर एकामागून एक दाबण्याचेच आले तर भाता मिटून जातो, आणि श्वास संपलेल्या गवयासारखी वाद्याची स्थिति होते. तेव्हां अंगठ्याखालची झडप क्षणभर उघडून त्याला हवा द्यावी लागते, आणि तीहि ठेका न चुकवितां.

ह्या वाद्याची चाल कागदावर लिहितां येत नाहीं असें नाहीं. बटणाचा अंक लिहावा आणि त्याजवळ दाबण्याची किंवा ओढण्याची खूण करावी, अशी लेखनपद्धति आज शिकविणारे वापरतात. परंतु त्या अंकांवरून बोट कोठें ठेवावें एवढेंच समजतें. भाता फिरतांना जो बारीकसा झटका बसतो, तोच ह्या संगीताचा ठेका असतो. त्याच झटक्यावर नाचणाऱ्याचें पाऊल पडतें. तो झटका किती हलका अथवा किती जोराचा असावा, हें कोणत्याही खुणेनें दाखवितां येत नाहीं. म्हणून जुने वाजविणारे आधीं चाल गुणगुणावयास सांगत आणि मग वाद्य हातीं देत. जी चाल गळ्यांत बसलेली नाहीं, ती बोटांत उतरत नाहीं, हा त्यांचा अनुभव. गुरुमुखानें घेतलेली चीज आणि वहींतून वाचलेली चीज ह्यांतला भेद आपल्याकडील गाणें शिकणाऱ्यांस सांगावयास नकोच.

हे केजन लोक कोण, हें समजल्यावांचून त्यांच्या ह्या विद्येची किंमत कळणार नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं, इ. स. १६०४ पासून, कांहीं फ्रेंच कुटुंबें कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आज ज्यास नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या भागांत, वसाहत करूं लागलीं. त्या मुलखाचें नांव अकाडिया. इ. स. १७१३ च्या तहानें अकाडियाचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. तेथील फ्रेंच शेतकऱ्यांनीं इंग्रजांच्या राजाशीं बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्याचें नाकारलें, तेव्हां इ. स. १७५५ सालीं त्यांना घरांतून ओढून गलबतांवर चढविण्यास आरंभ झाला. पुढील आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसें अशा रीतीनें देशोधडीस लागलीं. कुटुंबें फुटलीं, घरें जाळलीं गेलीं, आणि पुष्कळ लोक वाटेंतच रोगराईनें मेले. त्यांतील कांहीं जण बोसोलेय ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जोसेफ ब्रुसार याच्या पुढारपणाखालीं इ. स. १७६५ मध्यें लुइझियानांत येऊन पोंचले, इ. स. १७८५ मध्यें फ्रान्सांत अडकून पडलेले सुमारें सोळाशें लोक सात जहाजांतून तेथें आले. ‘अकाडियन’ ह्या शब्दाचा लोकांच्या तोंडीं झिजून झिजून ‘केजन’ झाला.

ह्या निर्वासितांच्या नाचगाण्यांत मुख्य वाद्य होतें फिडल, म्हणजे व्हायोलिन. एकानें चाल वाजवावी व दुसऱ्यानें त्याच्या खालीं साथ धरावी, अशी दोन फिडलांची रीत होती. अ‍ॅकॉर्डियन फार उशिरा आला. व्हिएन्ना येथें सिरिल डेमियन ह्यानें इ. स. १८२९ सालीं ह्या नांवाच्या वाद्याचें पेटंट घेतलें. जर्मन कारखान्यांनीं पुढें त्याचे नाना प्रकार स्वस्तांत तयार केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्यापारी व स्थलांतर करणारे ह्यांच्याबरोबर तें लुइझियानांत पोंचलें. तेथील गोऱ्या केजनांनीं आणि फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांनींहि तें उचललें. फिडलपेक्षां आवाज मोठा, दमट हवेंत वारंवार सुरांत लावण्याची कटकट नाहीं, आणि पडलें झडलें तरी सहज मोडत नाहीं, हे त्याचे गुण शेतकऱ्यास पटण्यासारखेच होते.

परंतु ह्या पाहुण्यानें घरच्या गाण्यावर आपली सत्ता गाजविली, हेंहि नमूद केलें पाहिजे. फिडलवर निघणारे जे स्वर दहा बटणांत नव्हते, ते चालींतून गळून पडले. ज्या चाली त्यांवांचून उभ्याच राहत नव्हत्या, त्या मागें पडल्या. उलट, वाजविणाऱ्यांनीं एक युक्ति काढली. वाद्याचा पंचम हाच षड्ज मानून वाजविलें तर मूळचा मध्यम कोमल निषादाच्या जागीं येतो. ह्या युक्तीनें निग्रो लोकांच्या ‘ब्लूज’ गाण्यांतला विषादाचा रंग त्या शुद्ध स्वरांच्या पेटींत आला. ही युक्ति कोणत्या ग्रंथांत लिहिली होती म्हणून सांपडली नाहीं; कानाला जें हवें होतें तें बोटांनीं धुंडाळून काढलें.

मुलें हें सारें कशीं शिकत ? शनिवारीं रात्रीं एखाद्या घरांतील सामान बाहेर काढून नाच होई. वाजविणारा कोपऱ्यांत बसे आणि त्याच्याजवळ एखादें मूल लोखंडी त्रिकोण घेऊन ठेका धरी. हे त्रिकोण गवत ओढण्याच्या यांत्रिक दाताळ्याचे मोडके दांते वांकवून केलेले असत. अशा प्रकारें स्वराच्या आधीं ताल अंगांत भिनत असे. अ‍ॅकॉर्डियन मात्र महागाची वस्तु. ती मुलांच्या हातीं सहसा पडत नसे. ‘ब्वा सेक’ ह्या टोपणनांवानें प्रसिद्ध झालेला क्रिओल वादक आल्फोन्स आर्दवाँ ह्यानें लहानपणीं आपल्या थोरल्या भावाचें वाद्य तो कामावर गेला असतां चोरून घेऊन वाजविण्यास सुरुवात केली. त्याच्या बरोबरीनें फिडल वाजविणाऱ्या कॅनरे फाँतनो ह्यानें आपलें पहिलें वाद्य सिगारच्या खोक्याचें केलें होतें आणि त्यास दाराच्या जाळीच्या तारा लावल्या होत्या. आधीं कानांत गाणें होतें. वाद्य मागून आलें.

ह्याच आर्दवाँ घराण्यांतील अमेदे आर्दवाँ ह्या पुरुषानें केजन अ‍ॅकॉर्डियनला कायमचें वळण लावलें. त्याचा जन्म इ. स. १८९८ चा. शेतीच्या कामांत त्याचें मन रमेना. तो वाद्य घेऊन गांवोगांव नाचांना जाई. डेनिस मॅक्गी हा गोरा फिडलवाला त्याचा जोडीदार होता. ज्या काळीं गोऱ्या व काळ्या माणसानें एका बांकावर बसणेंहि समाजाला खपत नव्हतें, त्या काळीं ह्या दोघांनीं एकत्र बसून वाजविलें. जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो ह्यांनीं एप्रिल १९२८ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें केजन गाण्याची पहिली तबकडी भरली, आणि तिच्या खपामुळें कंपन्यांचें लक्ष ह्या संगीताकडे वळलें. ता. ९ डिसेंबर १९२९ रोजीं आर्दवाँ व मॅक्गी ह्यांनीं त्याच शहरांत आपल्या पहिल्या तबकड्या दिल्या. इ. स. १९३४ च्या अखेरपर्यंत अमेदेचीं एकंदर चौतीस ध्वनिमुद्रणें झालीं.

पुढची हकीकत दुःखाची आहे. गोऱ्यांच्या एका नाचांत वाजवून घामाघूम झालेल्या अमेदेला घरमालकाच्या मुलीनें तोंड पुसावयास आपला रुमाल दिला. एवढ्या कारणावरून कांहीं गोऱ्यांनीं त्यास रात्रीं वाटेंत गांठून मरणप्राय मारलें, असें त्या भागांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यानंतर त्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं. पाइनव्हिल येथील सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत इ. स. १९४२ मध्यें तो मरण पावला, आणि त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि बसला नाहीं.

ह्याच सुमारास त्याच्या लोकांच्या भाषेवरहि संकट आलें होतें. इ. स. १९२१ च्या लुइझियाना राज्यघटनेनें शाळांतील शिक्षण केवळ इंग्रजींतून देण्याचें ठरविलें. ज्या मुलांनीं घरीं फ्रेंचशिवाय दुसरा शब्द ऐकला नव्हता, त्यांना शाळेच्या आवारांत फ्रेंच बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागल्या आणि पुन्हां असें बोलणार नाहीं असें वाक्य शेंकडों वेळां लिहून काढावें लागलें. शिक्षा करणारे मास्तर पुष्कळदां केजनच होते, ही त्यांतली विशेष खेदाची गोष्ट. अशीं शिक्षा भोगलेलीं मुलें आईबाप झालीं तेव्हां त्यांनीं आपल्या मुलांशीं फ्रेंच बोलणेंच सोडलें. तेलाच्या विहिरी, नवे रस्ते आणि रेडिओ ह्यांच्याबरोबर टेक्ससकडील तंतुवाद्यांच्या मेळांची आवड वाढली, आणि १९३० नंतरच्या दशकांत अ‍ॅकॉर्डियन गांवठी व मागासलेपणाचें ठरूं लागलें. दुसरें महायुद्ध सुरू होतांच जर्मनीहून येणारी चांगलीं वाद्येंहि बंद झालीं. भाषा लाजेची, वाद्य दुर्मिळ आणि मोठा वादक वेड्यांच्या इस्पितळांत, अशी ती वेळ होती.

अशा वेळीं एका जवळजवळ आंधळ्या मुलाच्या कानानें ही तुटूं पाहणारी सांखळी धरून ठेविली. आयरी लेज्यून ह्याचा जन्म इ. स. १९२८ चा. डोळ्यांनीं अधू असल्यामुळें शेतीचें काम त्याच्यानें होण्यासारखें नव्हतें. आंजेलास लेज्यून ह्या नातलग वादकाकडे बसून त्यानें ऐकलें. आणि अमेदे आर्दवाँच्या तबकड्या लावून लावून त्यांतील चाली, भात्याचे झटके, गातांना आवाज फोडण्याची लकब, हें सर्व आत्मसात् केलें. त्याचा खरा गुरु तबकडींत होता. तबकडीला प्रश्न विचारतां येत नाहीं; परंतु ती रागावतहि नाहीं आणि कंटाळतहि नाहीं. इ. स. १९४८ मध्यें आयरीनें ‘प्रेमाच्या पुलाचा वॉल्ट्झ’ ह्या अर्थाच्या फ्रेंच नांवाचें गाणें तबकडीवर दिलें, आणि लोकांना आपलें जुनें वाद्य पुन्हां ऐकूं आलें. युद्धावरून परतलेल्या तरुणांना तेंच हवें होतें. पिठाच्या पिशवींत अ‍ॅकॉर्डियन घालून आयरी नाचांना जात असे. ऑक्टोबर १९५५ मध्यें रस्त्यावर मोटारीचें चाक दुरुस्त करीत असतां दुसऱ्या गाडीची धडक बसून तो मेला; त्याच्या वयाला सत्तावीस वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं. परंतु तेवढ्या अवधींत त्यानें ज्या तबकड्या दिल्या, त्यांवरून पुढील पिढीनें आपले कान घडविले.

आतां प्रश्न उरला वाद्यांचा. लेक चार्ल्स येथील सिडनी ब्राऊन ह्या वादकानें युद्धानंतरच्या काळांत जुन्या जर्मन वाद्यांचे सुटे भाग जमवून लुइझियानांतच अ‍ॅकॉर्डियन तयार करण्यास आरंभ केला. यूनिस गांवाजवळ इ. स. १९४० मध्यें जन्मलेला मार्क साव्हॉय हा त्याच वाटेनें गेला. त्याच्या आजोबांच्या शेतावर डेनिस मॅक्गी खंडानें शेती करीत असे, त्यामुळें जुनें संगीत त्याच्या कानांवर लहानपणापासूनच पडलें होतें. रसायन-अभियांत्रिकीची पदवी घेऊनहि त्यानें कारखान्याची नोकरी न पत्करतां इ. स. १९६० पासून वाद्यें बांधलीं आणि इ. स. १९६६ मध्यें यूनिस येथें दुकान थाटलें. ह्या दुकानांत दर शनिवारीं सकाळीं वाजविणाऱ्यांची बैठक भरूं लागली. म्हाताऱ्यांनीं वाजवावें, नवशिक्यांनीं कडेला बसून हळूंहळूं सूर मिळवावा, हा तिचा शिरस्ता.

जगाचें लक्ष ह्या संगीताकडे वळलें तें इ. स. १९६४ मध्यें. त्या वर्षीं न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या महोत्सवांत ड्यूई बाल्फा आणि त्याचे दोन सोबती ह्यांनीं केजन गाणीं वाजविलीं, आणि हजारों श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या गाण्याबद्दल घरीं लाज बाळगावयास शिकविलें होतें, त्याचा परक्या ठिकाणीं झालेला हा मान पाहून बाल्फानें उरलेलें आयुष्य ह्याच कामाला वाहिलें. इ. स. १९६८ मध्यें फ्रेंच भाषेच्या संवर्धनासाठीं लुइझियाना सरकारनें एक मंडळ नेमलें. मार्च १९७४ मध्यें लाफायेट येथें भरलेल्या केजन संगीताच्या जलशाला सुमारें बारा हजार लोक जमले. पुढें बाल्फा शाळांतून हिंडून मुलांपुढें वाजवूं लागला. ज्या शाळेनें एके काळीं त्याच्या भाषेस दाराबाहेर ठेविलें होतें, तिच्याच वर्गांत आतां त्याचें फिडल ऐकूं आलें. इ. स. १९९० मध्यें ह्या अ‍ॅकॉर्डियनला लुइझियानाचें राजमान्य वाद्य म्हणून कायद्यानें स्थान मिळालें.

एवढ्यावरून कानाच्या विद्येंत कांहींच उणें नाहीं असें मात्र मानूं नये. कान चाल लक्षांत ठेवतो. चाल बांधणाऱ्याचें नांव पुष्कळदां विसरतो. कित्येक केजन गाण्यांचे मूळ कर्ते आज कोणासहि सांगतां येत नाहींत. तबकडीवर सुमारें तीन मिनिटांचीच जागा असल्यामुळें नाचांत दहा-दहा मिनिटें चालणारें गाणें आंखडून भरावें लागे. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं, लिहिलेलें पुस्तक शंभर वर्षें कपाटांत पडून राहूं शकतें, परंतु कानावरून चालणारी विद्या एका पिढीनें ऐकावयाचें सोडलें कीं संपते. १९४० च्या सुमारास ती संपण्याच्या कांठावर आली होती. ती वांचली ह्याला कारण आयरीसारख्यांची चिकाटि तर खरीच. परंतु न्यू ऑर्लिन्सच्या एका खोलींत एके दिवशीं यंत्रासमोर बसून वाजविणाऱ्या दोघां माणसांच्या तबकड्या उपलब्ध होत्या, हेंहि तितकेंच खरें. कान आणि यंत्र ह्यांनीं येथें एकमेकांस हात दिला.

आजचा शिकाऊ मनुष्य तीच ध्वनिमुद्रणें यंत्रावर मंद गतीनें लावून एकेक स्वर वेगळा काढूं शकतो. त्याचें काम अर्थातच सोपें झालें आहे. परंतु त्याची रीत बदललेली नाहीं. आधीं एखादा संथ वॉल्ट्झ घ्यावा, तो गुणगुणतां येईपर्यंत ऐकावा, मधल्या सप्तकांत एकेका स्वरानें शोधावा, भाता कोठें फिरतो तें अंगवळणीं पाडावें, मग दोन सप्तकांतले स्वर जोडीनें वाजवावे, आणि डावा हात सर्वांच्या शेवटीं लावावा. बोटांकडे पाहूं नये. एकट्यानें कितीहि घोकलें तरी नाचणाऱ्यांसमोर फिडलबरोबर बसल्याशिवाय ठेका पक्का होत नाहीं, हें त्यास आजहि जुन्या लोकांकडूनच ऐकावें लागतें.

इ. स. २०१८ मध्यें ओपेलूसास येथें अमेदे आर्दवाँचा पुतळा उभारण्यांत आला. ज्याच्या थडग्याची खूण राहिली नाहीं, त्याला पंचाहत्तर वर्षांनंतर आपल्या मुलखांत उभें राहावयास हक्काची जागा मिळाली. त्याला रुमाल देणें ज्यांना खपलें नव्हतें, त्यांच्याच समाजांतील मुलें आज त्याच्या चाली दहा बटणांवर शोधीत बसतात. चाल काळ्या माणसाची कीं गोऱ्याची, हें कानाला ऐकूं येत नाहीं. ती खरी आहे कीं नाहीं, एवढेंच त्याला कळतें.